दुसऱ्या शहरातल्या रेडिओ स्टेशनवर जाताय? आधी ‘मेडिकल’ म्हणजे काय ते विचारून घ्या

नागपुरात रेडिओवर शो करण्याचा माझा चौथा दिवस. सकाळचे आठ वीस. एका काकांचा फोन लागला. पुण्यात हजारदा विचारलेला प्रश्न मी इथेही विचारला, “काका, कुठून बोलताय?” ते म्हणाले, “मेडिकलमधून.” मी हसत म्हटलं, “अगं बाई, एवढ्या सकाळी? क्रोसिन घ्यायला की काय?”

पलीकडे दोन सेकंद काहीच नाही. ऑन एअर दोन सेकंद किती लांब असतात ते आपल्या धंद्यातल्यांना सांगायला नको. मग काका म्हणाले, “नाही जी. पोराला भरती केलं आहे. तीन दिवस झाले.”

पुण्यात मेडिकल म्हणजे औषधांचं दुकान. नागपुरात मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि त्याच्या आजूबाजूचा सगळा भाग. मी माफी मागितली, मुलाची चौकशी केली आणि गाणं सुरू केलं. गाणं कुठलं होतं ते आठवत नाही. काचेपलीकडे प्रोड्यूसरने डोळे मिटून घेतले होते, ते आठवतं. तो नागपूरच्या इतवारीत जन्मलेला. मला एवढं माहीत नसेल अशी त्याला शंकाही आली नव्हती आणि आपल्याला काही माहीत नसेल अशी मलाही नाही. १९ वर्षं पुण्यात सकाळचा शो केला होता ना मी.

गेल्या वर्षभरात तीन जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, की दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय, जाऊ का आणि गेले तर काय करू. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवते. उदाहरणं नागपूरची आहेत, कारण मी तिथे गेले. तुम्ही कोल्हापूरहून नाशिकला जात असाल तर नावं बदलून वाचा.

हो म्हणण्याआधी

पगाराचं तुम्ही विचारालच. त्याच्याही आधी भाषेचं विचारा. नागपुरातली खासगी एफएम स्टेशनं बरीचशी हिंदीत बोलतात, मराठी मधूनमधून येते. त्यात स्टेशनांचा दोष नाही. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची. इतवारीतला दुकानदार एका गिऱ्हाइकाशी हिंदीत, दुसऱ्याशी मराठीत आणि हिशेब लिहिणाऱ्या मुलाशी तिसऱ्याच बोलीत बोलतो, आणि त्यात काही विशेष आहे असं तिथे कुणालाच वाटत नाही. मी सदाशिव पेठेतली. माझं हिंदी विविध भारती ऐकून आलेलं, त्यामुळे उच्चार छान आणि लिंग हमखास चुकलेलं. मुलाखतीत मी विचारलं, “मराठी किती बोलायची?” उत्तर आलं, “फिफ्टी-फिफ्टी.” प्रत्यक्षात शंभरातली तीस वाक्यं मराठी निघाली. म्हणून तोंडी उत्तरावर विसंबू नका. ज्या वेळेसाठी तुम्हाला बोलावलंय, त्या वेळेची मागच्या आठवड्याची रेकॉर्डिंग्ज मागवा, कागद-पेन घेऊन बसा आणि वाक्यं मोजा.

गाण्यांचंही विचारून घ्या. हल्ली यादी वरून ठरून येते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण जुन्या माणसाला जुन्या जागी काही सवलती मिळालेल्या असतात आणि त्या सवलती आहेत हेच आपण विसरतो. पुण्यात शुक्रवारी शेवटचा अर्धा तास मी माझ्या मनाने गाणी लावायचे. नव्या ठिकाणी पहिल्याच शुक्रवारी तसं करायला गेले, तर दुपारी मेल. चूक माझीच होती, विचारलं नव्हतं.

आणि जुना करार काढून वाचा. दुसरीकडे काम न करण्याचं कलम त्यात असेलच. ते कोणत्या शहरापुरतं आहे ते पाहा. माझ्यात ‘त्याच शहरात’ असे दोन शब्द होते, त्यावर मी सुटले. माझ्या एका मैत्रिणीच्या करारात शहराचा उल्लेखच नव्हता. तिने सहा महिने घरी बसून काढले. शोचं नाव, सिग्नेचर ट्यून, फेसबुकचं पान आणि तुम्ही आवाज दिलेली पात्रं बहुतेक वेळा स्टेशनची असतात. माझी ‘शेजारच्या मावशी’ होती. अकरा वर्षं मी तिचा आवाज काढला, तिची भांडणं, तिचं लोणचं, तिचा पुतण्या, सगळं मी रचलेलं. ती पुण्यात राहिली. आता तिचा आवाज दुसरी मुलगी काढते, आणि बरा काढते असं म्हणतात. मी ऐकलेला नाही.

निरोपाचा शो मिळेलच असं धरून चालू नका. राजीनामा दिला त्याच दुपारी स्टुडिओचं कार्ड बंद झालेले निवेदक मला माहीत आहेत. मी राजीनाम्याच्या पत्रातच शेवटच्या दिवसाची तारीख आणि त्या दिवशीची एक लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, लेखी मागितली. चाळीस सेकंद मिळाली. चाळीस सेकंदांत आभार मानता येतात. रडता येत नाही, ते बरंच.

माइकसमोर बसण्याआधीचे दिवस

किमान दहा दिवस मागा. मला सहा मिळाले. नवा कन्सोल शिकायला एक दुपार पुरते. आवाज कमी-जास्त करायचे फेडर तेच असतात, फक्त काचेपलीकडच्याशी बोलायचं टॉकबॅकचं बटण नको तिथे असतं. बाकीचे दिवस शहराला द्या.

पहाटे उठून उजेड बघा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पुणे आणि नागपूर यांच्या रेखांशात सव्वापाच अंशांच्या आसपास फरक आहे, म्हणजे सूर्य नागपुरात सुमारे २१ मिनिटं आधी येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. पुण्यात सातच्या लिंकला मी म्हणायचे, “उठा, गॅसवर चहा ठेवा.” नागपुरात मे महिन्यात सातला लोक अंबाझरी तलावाला फेरी मारून, आंघोळ उरकून, ऊन चढायच्या आत बाहेरची कामं संपवायला निघालेले असतात. त्यांना मी “उठा” म्हणत होते. डिसेंबरात उलट बाजूने तेच. साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे घरी जातानाच्या शोचा बराचसा भाग अंधारात होतो. ‘कलती उन्हं’ वगैरे लिहून आणलेलं सगळं फुकट.

मेट्रोने टोकापासून टोकापर्यंत जा. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, मग सीताबर्डीला गाडी बदलून प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर. वरून शहराची ठेवण कळते. मग खाली उतरून ऑटोने तेच अंतर कापा आणि ऑटोवाल्याला बोलू द्या. तो कुठल्या चौकाला काय म्हणतो ते ऐका. पाटीवर सीताबर्डी असतं, तोंडात फक्त बर्डी. कस्तुरचंद पार्कचं केपी होतं. मेडिकल तर झालंच, तसंच मेयो. दुसरं मोठं सरकारी रुग्णालय ते, पाटीवर इंदिरा गांधींचं नाव असूनही. आरबीआय चौक, एलआयसी चौक, एलएडी चौक अशी कचेऱ्या-कॉलेजांच्या आद्याक्षरांची चौकमाळच आहे. ट्रॅफिकच्या लिंकमध्ये तुम्ही ‘सीताबर्डी परिसरात’ म्हणालात, की ऐकणाऱ्याला कळतं, ही बाई कागद वाचतेय.

एक दिवस गाडीत आपलं स्टेशन लावून शहराबाहेर पडा. खरखर सुरू होईपर्यंत जा. वर्धा रोडने बुटीबोरीला आवाज स्वच्छ होता, अमरावती रोडने कोंढाळीकडे तुटायला लागला. जिथे तुटतो तिथे आपलं गाव संपलं. ही हद्द डोक्यात असली, की कामठीचा फोन आला तर त्याला ‘बाहेरगावचे श्रोते’ म्हणत नाही आपण. मी एकाला म्हटलं होतं.

पोह्यांच्या गाडीवर तर जायचंच. तर्री पोहे खायला म्हणून जा हवं तर, पण तासभर उभ्या राहा. सकाळी साडेसात ते साडेआठ हा आपला धंद्याचा तास, आणि त्या तासात लोक एकमेकांशी काय बोलतात ते तिथे फुकट ऐकायला मिळतं.

वही: नामं घ्या, क्रियापदं घेऊ नका

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. डाव्या बाजूला पुण्याचा शब्द, उजवीकडे नागपूरचा. पहिल्या पानावरची पहिली ओळ मेडिकलची. दुसरी सांबारची. रेसिपीच्या स्पर्धेत एक ताई सांगत होत्या, “मग वरून मस्त हिरवा सांबार टाकायचा.” मी म्हटलं, “पोह्यांवर सांबार?” तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी म्हणजेही कोथिंबिरीचीच. त्या ताई इतक्या हसल्या, की ती क्लिप आठवडाभर प्रोमोत वाजली. पेरूला जांब. बटाट्याला आलू, त्यामुळे बटाटावड्याच्या जागी आलुबोंडा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणाऱ्या मुलांच्या हातावर ठेवतात तो बोजारा. हे शब्द बोलायला लागा, लगेच. ते वस्तूंची नावं आहेत, आणि ज्या गावात राहता तिथे वस्तूला तिथल्या नावानेच हाक मारावी लागते, नाहीतर भाजीवालाही देणार नाही.

पण “करून राहिले”, “जाऊन राहिले” हे आपण बोलायचं नाही. “काऊन बे” तर नाहीच नाही. कुणीतरी तुम्हाला सांगेलच, की थोडी वऱ्हाडी मारा, लोकांना आवडेल. मलाही सांगितलं गेलं आणि मी एक सकाळ मारलीही. साडेनऊला काटोलहून एका गुरुजींचा मेसेज आला: “ताई, तुम्ही जे बोलता ते अकोल्याचंही नाही, आमचंही नाही. सिनेमातलं आहे.” अकोला-अमरावतीकडची वऱ्हाडी वेगळी, नागपूरची बोली वेगळी, भंडारा-गोंदियाकडची झाडी बोली आणखी वेगळी. माझ्या तोंडून तिन्हींची खिचडी बाहेर पडली होती. दुसऱ्या दिवसापासून मी माझी वाक्यं माझ्या पद्धतीने बोलते. बर्डी म्हणते, आलुबोंडा म्हणते, आणि “अगं बाई” सुद्धा म्हणते, कारण ते माझं आहे.

गावांच्या उच्चारांसाठी आकाशवाणीचं नागपूर केंद्र ऐका. १६ जुलै १९४८ पासून ते सुरू आहे आणि तिथल्या निवेदकांच्या तोंडात जिल्हा मुरलेला आहे. कुही, मौदा, पारशिवनी, भिवापूर ही नावं कागदावर पाहिली तर आघात कुठे द्यायचा कळत नाही, प्रादेशिक बातम्यांत दोनदा ऐकली की कळतं. शेतकऱ्यांचे कार्यक्रमही ऐका. तुम्हाला ते वाचायचे नाहीत, पण कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा आंबिया बहार कधी येतो आणि मृग बहार कधी, हे माहीत असलं की फेब्रुवारीत “संत्र्यांचा सीझन संपला वाटतं” असं वाक्य तोंडून जात नाही.

उलट बाजूची वहीही ठेवा, ती जास्त बोचते. दर शनिवारी आपल्याच शोच्या एका तासाचं रेकॉर्डिंग एअरचेक म्हणून ऐका आणि जुन्या शहराचं नाव किती वेळा घेतलं ते मोजा. पहिल्या आठवड्यात एका तासात मी अकरा वेळा “पुण्यात” म्हणाले होते. कौतुकाने नव्हे, सवयीने. “पुण्यात असं असतं, इथे तसं आहे का?” यातला ‘इथे’ ऐकणाऱ्याला टोचतो. आता माझा नियम असा: समोरच्याने विचारलं तरच पुणं.

आधी तिथे कोण बसत होतं

तुमच्या खुर्चीत आधी कुणीतरी होतं आणि लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं. माझ्या आधीचा निवेदक सात वर्षं त्या वेळेला होता आणि दुसऱ्या स्टेशनवर गेला होता. पहिला महिनाभर रोज दोन-तीन फोन: “तो भाऊ कुठे गेला?” त्याच्या नव्या स्टेशनचं नाव घ्यायची परवानगी नव्हती, ते ठीकच. पण विषय टाळू नका. मी म्हणायचे, “त्याची आठवण येणारच. मीही एका गावाला असंच सोडून आले आहे.” हे खरं होतं, म्हणून बोलता आलं.

त्याचं आठ वाजून दहाचं कोडं मी दिवाळीपर्यंत चालू ठेवलं. माझ्या डोक्यात स्वतःचं सदर तयार होतं, पण सकाळच्या शोला लोक घड्याळासारखे वापरतात. कोडं लागलं म्हणजे मुलांची बस यायला पाच मिनिटं. ते काढलं असतं तर पोरांच्या बसा चुकल्या असत्या आणि शिव्या मला पडल्या असत्या.

पहिले तीन महिने कमी बोला. अनुभवी माणसाला हे जड जातं. नव्वद सेकंदांची लिंक मी चाळीसवर आणली आणि उरलेल्या वेळात फोनवरच्या माणसाला बोलू दिलं. त्या काळात मला जे कळलं, ते सहा दिवसांच्या भटकंतीत कळलं नव्हतं.

घसा आणि कूलर

पुण्याच्या सौम्य हवेत तयार झालेला गळा नागपूरच्या उन्हाळ्यात दहा दिवसांत कागदासारखा होतो. तापमान ४५ च्या पुढे जातं, मेच्या शेवटी नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि बाहेरच्या भट्टीतून एकदम एसी स्टुडिओत. उपाय साधे आहेत. स्टुडिओत शिरल्यावर लगेच माइक घेऊ नका, पंधरा मिनिटं बसा. फ्रिजचं पाणी नाही, माठाचंही शोनंतर. ताक, पन्हं दुपारी. कोमट पाण्याचा घोट प्रत्येक लिंकच्या आधी. रात्री नाकात तुपाचा थेंब हा माझ्या आजीचा उपाय, मला मानवतो. तुमचं तुम्ही बघा.

दुसरी गोष्ट मला एका श्रोत्याने शिकवली. उन्हाळ्यात घरोघरी डेझर्ट कूलर चालू असतो आणि त्याच्या घरघरीत रेडिओ ऐकू येतो तो तुकड्यातुकड्यांनी. म्हणून एप्रिल ते जून वाक्यं आखूड. फोन नंबर, ठिकाण, वेळ दोनदा. हळू आवाजातला विनोद कूलर खातो.

काय बोलायचं नाही

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा घेता येतात, हे नियम शहराबरोबर बदलत नाहीत. पण मोह बदलतो. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, सगळं सरकार तिथे येतं, रस्त्यावर मोर्चे असतात आणि पहिल्या वर्षी आपल्याला वाटतं, काय मसाला आहे! हात आवरा. वाहतूक, हवामान, पाणी, वीज, परीक्षा यांची माहिती देता येते, तेवढीच द्या. कुठला रस्ता बंद, कुठून वळायचं. मोर्चा कुणाचा आणि मागणी रास्त की नाही, हे आपलं काम नाही.

दीक्षाभूमीच्या बाबतीतही तसंच, पण कारण वेगळं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक शहरात येतात. त्या सकाळी मी माझे नेहमीचे चाळे बंद ठेवते. पाणी कुठे आहे, गाड्या कुठे लावायच्या, परतीच्या बस कुठून, एवढंच शांतपणे सांगते. तिथल्या प्रोड्यूसरचं ऐका, तो सांगेल कुठल्या दिवशी जिंगल कमी करायच्या.

म्हणूनच एक काम पहिल्याच आठवड्यात करा: वर्षभराचं कॅलेंडर घेऊन शहरात वाढलेल्या माणसाशेजारी बसा आणि त्याच्याकडून ते भरून घ्या. कालनिर्णयवर पोळा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारे पुतळे, शंभराहून जास्त वर्षं झाली, हे मला त्याच्याकडूनच कळलं. तरी मी पहिल्या वर्षी पोळ्याच्याच सकाळी “आज मारबत” असं सांगून मोकळी झाले. दिवसभर फोन.

दुसऱ्या वर्षी तारीख बरोबर सांगितली आणि लाइन उघडल्या: सांगा, यंदा मारबतीने काय काय घेऊन जावं? रोगराई, खड्डे, महागाई, आठवीचं गणित, अशी यादी चालली होती. शेवटचा फोन महालातल्या एका आजोबांचा. ते म्हणाले, “ते रेडिओवरची बाई सकाळ-सकाळ ‘अगं बाई’ म्हणते ना, ते घेऊन जा गे मारबत!”

स्टुडिओत सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, “अगं बाई!”